सामाईक करवत

लग्नात किंवा बारशाला शेजारच्या खुर्चीवर नवीन ओळखीची बाई बसली की पंगत लागेपर्यंत विचारते, "तुम्ही कुठे होता नोकरीला?" मी सांगते, "दगड कापत होते." बाई हसते. मग माझा चेहरा बघते आणि हसू आवरून विचारते, "म्हणजे ऑफिसमध्ये ना?" आमच्या ह्यांना हा प्रसंग आवडत नाही, म्हणून ते माझ्या आधीच सांगून टाकतात, "ही हिऱ्यांच्या कामात होती." मग पाहुण्यांची नजर माझ्या गळ्याकडे जाते. तिथे काळ्या मण्यांपलीकडे काही नसतं.

ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दगड कापायच्या पात्याच्या कडेला कृत्रिम हिऱ्याची भुकटी घातलेले तुकडे बसवलेले असतात. मोटारसायकलच्या चाकाएवढं ते गोल पातं. त्याला करवतीसारखे दात नसतात आणि खरं तर ते कापतही नाही, पाण्याच्या धारेखाली गरागरा फिरत दगड झिजवत जातं. बाजूला दोन भिंती, त्यांवर आडवा लोखंडी पूल, पुलाखाली पात्याचं डोकं आणि त्याखाली दगड ठेवायचं टेबल. म्हणून त्याला ब्रिज कटर म्हणतात. पूल पुढेमागे सरकतो, डोकं डावीउजवीकडे सरकतं, वळतं, तिरकं होतं. पडद्यावर बोटाने आकडे भरायचे आणि हिरवं बटण दाबायचं. वीस वर्षांहून जास्त काळ मी ते बटण दाबलं. माझ्या हाताखालून गेलेल्या ओट्यांवर या किनाऱ्यावरची कितीतरी घरं आज पोळ्या लाटतात. कुणी ओट्याला विचारत नाही की तुला कुणी कापलं, आणि ते बरंच आहे. काही ओट्यांची उत्तरं मला अडचणीची झाली असती.

आमचा कारखाना पेण-अलिबाग रस्त्यावर, पोयनाडच्या अलीकडे. मालक दोघे भाऊ. थोरले दादाशेठ, धाकटे नानाशेठ. त्यांचे वडील पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवायचे. दादाशेठनी टाकी आणि हातोडा वडिलांकडून घेतला. नानाशेठ बारावी झाले, मुंबईला लाद्यांच्या दुकानात राहून आले आणि परत आल्यावर त्यांनी कडाप्प्याचे ओटे सुरू केले. तेव्हा हातकटर होता. माणसाने उकिडवं बसून, तोंडाला फडकं बांधून दगडावरून कटर ढकलायचा. कारखान्यात धुळीचा असा ढग असायचा की दादाशेठ दुपारी जेवायला घरी गेले की वहिनी आधी त्यांच्या भुवया झटकायच्या. हे मला वहिनींनीच सांगितलं.

मग किहीम, आवास, सासवण्याला मुंबईकरांचे बंगले उठू लागले. बंगलेवाल्यांना ओट्याची कड अशी हवी की तिच्यात तोंड दिसलं पाहिजे. नानाशेठनी परदेशी मशीन मागवलं. ते बोटीने न्हावा शेव्याला आलं आणि तिथे कागदपत्रांसाठी इतकं अडकलं की दादाशेठ म्हणायचे, "इटलीवरून आला तो लौकर आला, उरणवरून यायला म्हातारा होईल." त्या मशीनवर बसायला नकाशे वाचणारं, कॉम्प्युटर येणारं माणूस हवं होतं. मी डिप्लोमा करून अलिबागला एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढत होते. ते ऑफिस बंद पडलं आणि मी नागावहून एसटीने इथे येऊन उभी राहिले.

नानाशेठनी माझी सर्टिफिकेटं पाहिली. दादाशेठनी एक दगडाचा तुकडा उचलला, हातोडीने ठण्‌कन वाजवला आणि विचारलं, "ताई, ह्यो दगड आतून फुटका हाय का सबूत, सांगता येईल?"

"नाही येणार," मी म्हटलं.

"बरं झालं. मशीनला पण येत नाय. तुमचं दोघींचं जमंल."

अशी मी नोकरीला लागले.

मशीन उभं करायला कंपनीचा राजस्थानी इंजिनिअर आला होता. पूजेच्या वेळी दादाशेठ नारळ घेऊन थेट पुलाच्या रुळावर फोडायला निघाले. तो रूळ केसभर हलला तर सगळी मापं चुकणार. इंजिनिअर हात जोडून मध्ये उभा राहिला, "शेठ, मुझपे फोडो, लेकिन रेल पे मत फोडो." शेवटी नारळ एका ग्रॅनाइटच्या तुकड्यावर फुटला आणि ते पाणी मशीनवर शिंपडायचं का नाही यावर पुन्हा चर्चा झाली. पहिला कट झाला. दादाशेठनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "गुळगुळीत हाय. नजर ठरत नाय कुठं." नानाशेठना ती स्तुती वाटली. मला तसं वाटलं नव्हतं, पण मी नवी होते.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मग किहीमच्या बाई आल्या.

या बाई मुंबईहून किहीमला कायमच्या राहायला येणार होत्या. नारळीच्या वाडीत त्यांचं घर उभं राहत होतं. त्यांच्याबरोबर त्यांचा आर्किटेक्ट होता, पांढऱ्या लिननच्या शर्टातला तरुण मुलगा. त्यांना अंगणापासून ओटीपर्यंत काळ्या दगडाच्या पायऱ्या हव्या होत्या. मी नमुना दाखवला. सरळ, काटकोनातली, कागदाच्या जाडीइतकाही फरक नसलेली पायरी. बाईंनी ती बघून तोंड वाकडं केलं.

"हे फार परफेक्ट आहे हो," त्या म्हणाल्या.

मी "थँक्यू" म्हटलं.

"नाही, म्हणजे मला तसं नकोय. मला असं हवंय की पूर्वी कुणीतरी हाताने घडवलंय. थोडं चुकलंय. इट शुड ब्रीद."

आर्किटेक्टने मान हलवली. "मॅडमना ह्यूमन टच पाहिजे."

नानाशेठ म्हणाले, "होऊन जाईल."

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मी विचारलं, "कसं होऊन जाईल? दादाशेठ घडवणार का?" त्या वेळी दादाशेठ टाकीला हात लावत नव्हते. खांदा दुखायचा. शिवाय एवढ्या पायऱ्या हाताने करायच्या तर बाईंचं घर जुनं होऊनच उभं राहिलं असतं.

नानाशेठ म्हणाले, "ताई, मशीन सरळ कापतं ते तुम्ही सरळ सांगता म्हणून. वाकडं सांगा."

आजवर मी ज्या चुका होऊ नयेत म्हणून पगार घेत होते, त्या आता मुद्दाम करायच्या होत्या. एका पायरीची कड मी पडद्यावर किंचित खाली-वर केली, एका कोपऱ्यात काटकोन मोडला, मशीनने ते निमूट कापलं. दिसायला छान दिसलं. मग मी तोच नकाशा सगळ्या पायऱ्यांना लावला. त्या एकीशेजारी एक उभ्या केल्या तेव्हा कळलं की प्रत्येक पायरी नेमकी त्याच जागी, तितकीच चुकली होती. पोलीस परेडला सगळे एकाच पायाने लंगडावेत तशी. मग मी आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाच्या जुन्या पायऱ्यांचे फोटो काढून आणले, त्यांच्या कडा पडद्यावर गिरवल्या आणि प्रत्येक पायरीला वेगळी चूक दिली. वरून हातमशीनने टाकीचे घाव मारले. मला सांगायला संकोच वाटत नाही, ते माझ्या हातचं सर्वांत कठीण काम होतं.

बाई पायऱ्या बघायला आल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना कारागिराला भेटायचं होतं. त्याचा फोटो काढायचा होता.

नानाशेठ आधीच तयारीत होते. त्यांनी दादाशेठना धुतलेला सदरा घालून एका पायरीजवळ बसवलं होतं, हातात टाकी-हातोडा दिला होता. दादाशेठना "फोटो काढायचाय, बस" एवढंच सांगितलं होतं. बाई त्यांच्यासमोर वाकून म्हणाल्या, "काका, किती सुंदर हात आहेत तुमचे. किती दिवस लागले?"

दादाशेठनी टाकी खाली ठेवली. "बाई, हे मशीननी कापलंय. वाकडं ह्या ताईंनी केलंय. मी आज नुसता अंघोळ करून आलोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानाशेठचा चेहरा कडाप्प्यासारखा झाला. मला वाटलं, आता ऑर्डर गेली.

बाई पुन्हा पायरीकडे वाकल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "मशीनने? पण हे तर अमेझिंग आहे! म्हणजे मागच्या अंगणातही करता येईल?" आर्किटेक्टने लगेच वहीत लिहून घेतलं. पायऱ्या गेल्या, मागचं अंगण झालं, त्यांच्या दोन मैत्रिणींची कामं आली. गिऱ्हाइकाला काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो दोन भावांत.

"चार लोकांत खोटा पाडलास मला," नानाशेठ म्हणाले.

"मी कुठं पाडला? तू होतासच," दादाशेठ म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं बोलणं. पुढची बरीच वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत.

मला वाटलं होतं, गणपतीपर्यंत मिटेल. गणपती आले, गेले. घरं एकमेकांना लागून, मागचं अंगण एक. दोन्ही जावांचं बोलणं बंद झालं नाही, बोंबलाची आमटी भिंतीवरून इकडून तिकडे जात राहिली. पण कारखान्यात दोघांनी वाटणी मागितली. नात्यातली वडीलधारी माणसं बसली. शेड मधोमध वाटली, दगडांचे ढीग वाटले, ट्रॉलीसुद्धा वाटल्या. मशीनपाशी येऊन सगळे थांबले. ते शेडच्या बरोबर मध्यावर होतं, आणि ते दुसऱ्याला द्यायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी एक म्हातारे मामा म्हणाले, "करवत सामाईक ऱ्हाईल. आणि ती बाई पण सामाईक."

ती बाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

मग भिंत बांधली. फाटकापासून निघाली, मशीनपर्यंत आली आणि थांबली. मशीनच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली आणि मागच्या पत्र्यापर्यंत गेली. टेबलाची एक बाजू दादाशेठच्या हद्दीत, दुसरी नानाशेठच्या. माझी खुर्ची आणि पडदा मशीनपासून थोडे मागे, नानाशेठच्या बाजूला भिंतीला लागून. त्यामुळे दादाशेठच्या बाजूचं टेबल मला दिसेनासं झालं. मशीनला वर कॅमेरा होता, पण तो टेबलावरच्या दगडाचा फोटो काढतो. माणूस कुठे उभा आहे ते त्याला कळत नाही. माणसासाठी वेगळी सोय होती. दोन खांबांमधून न दिसणारे किरण जायचे, मध्ये कुणी आलं की पातं थांबायचं. गवंड्याने नेमकी त्या खांबांच्या मध्ये भिंत आणली. मशीनला वाटायचं, भिंत म्हणजे एक जाडजूड माणूस कायमचा मध्ये उभा आहे, आणि ते सुरूच व्हायचं नाही. नानाशेठनी ती सोय "तात्पुरती" बंद करून घेतली. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे किती, हे मी सांगायला नको.

मी तेव्हा एक अट घातली. दोन्ही बाजूंनी "मोकळं!" असा आवाज आल्याशिवाय मी हिरवं बटण दाबणार नाही.

"त्याला मी सांगणार नाय," दादाशेठ म्हणाले.

"त्यांना नका सांगू. मला सांगा."

त्यामुळे भिंतीच्या एका बाजूने "ताई, मोकळं!" आणि दुसऱ्या बाजूने "ताई, मोकळं!" असं दिवसभर चालायचं. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, ताई म्हणजे कुणीतरी फार मोठी बाई आहे.

सकाळी दादाशेठची कामं, दुपारी नानाशेठची. दादाशेठकडे देवळांच्या पायऱ्या, विहिरींचे कठडे, तुळशीवृंदावनं. नानाशेठकडे बंगले आणि हॉटेलं. निरोप सगळे माझ्यातर्फे. दोघे आवाज पोचेल इतक्या अंतरावर उभे असायचे आणि तरी मी मध्ये वाक्य पुन्हा म्हणायचे.

"ताई, त्याला सांगा, पाण्याची टाकी गाळानी भरलीय."

"नानाशेठ, पाण्याची टाकी गाळाने भरलीय."

"त्याला सांगा, गाळ त्याच्या दगडाचा हाय. माझा ग्रॅनाइट गाळ करत नाय."

मशीनला दोन्ही बाजूंना एकेक लाल बटण होतं, संकटात दाबायचं. दाबलं की सगळं जागच्या जागी बंद. भावांना ते बटण म्हणजे वरदान वाटलं. तोंडाने भांडायचं नाही असं ठरलेलं, पण बटणाचं काही ठरलं नव्हतं. नानाशेठचा कट लांबला आणि दादाशेठची वेळ सुरू झाली की पलीकडून लाल बटण. दादाशेठ दगड कुठल्या अंगाने घ्यायचा ते बघत वेळ काढू लागले की अलीकडून लाल बटण. पातं अर्ध्या दगडात अडकून राहायचं.

एकदा राजस्थानहून इंजिनिअरचा फोन आला. मशीन इंटरनेटला जोडलेलं, त्याला तिथे बसून सगळं दिसायचं. "मॅडम, आपका मशीन दिन में इतनी बार इमर्जन्सी में क्यों जाता है? ये कौन सा फॉल्ट है?"

मी म्हटलं, "भाऊबंदकी."

तो थोडा वेळ काहीतरी चाळत असावा. "मॅन्युअल में नहीं मिल रहा, मॅडम. स्पेलिंग बताइए."

मी हे हसत लिहिते आहे, पण त्या वर्षांत मी रोज घरी जाताना थकलेली असायचे. दगडाचं काही वाटायचं नाही. दोन चांगली माणसं माझ्या तोंडाने वाईट बोलायची, त्याने थकवा यायचा. नोकरी सोडायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा दुसरीकडे जाऊन बघितलं, तर तिथे मशीन जुनं आणि भाऊ जास्त.

आता त्या दिवसाचं सांगते.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. हरिहरेश्वरच्या एका हॉटेलला रिसेप्शनचं काउंटर हवं होतं, अखंड ग्रॅनाइटचं. काम नानाशेठचं. पण शिळा इतकी मोठी की तिचा दुसऱ्या टोकाचा भाग दादाशेठच्या हद्दीत गेला. एवढी शिळा टेबलावर नीट टेकली नाही तर कापताना तडकते, म्हणून पलीकडून लाकडी पाचरी लावायच्या होत्या. दादाशेठची माणसं जेवायला गेली होती. मी भिंतीवरून विचारलं, "दादाशेठ, तुमच्या बाजूने पाचर लावता का?" उत्तर म्हणून ठोकल्याचा आवाज आला. पाचर लावतायत हे कळलं.

बाहेर टेम्पो उभा होता. नानाशेठ घाईत होते. त्यांनी आपली बाजू बघितली, पलीकडची पात्याच्या डोक्याआड होती, आणि ते ओरडले, "ताई, मोकळं!"

मी पलीकडच्या आवाजाची वाट बघितली. आला नाही.

"दादाशेठ, मोकळं का?" मी विचारलं.

काही नाही.

नानाशेठ म्हणाले, "मुद्दाम करतोय तो. टेम्पो उभा बघितलान ना. करा चालू."

"आवाज आला नाही."

"मग नाय यायचा. रुसलाय. चालू करा ताई, मी मालक हाय."

"अर्धे," मी म्हटलं.

हे मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. नानाशेठ माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून, जणू मलाच सांगतायत असं, मोठ्याने म्हणाले, "ताई, त्याला सांगा, येवढ्या तेवढ्यावरनं कामाचा खोळंबा करू नको म्हणावं!"

मी हाक मारली, "दादाशेठ!" पाणी बंद होतं, मोटार बंद होती. एरवी त्या कारखान्यात इतकी शांतता कधी नसायची.  मी मशीनची चावी काढून मुठीत घेतली आणि उठले. पलीकडे जायचं तर भिंतीमुळे फाटकाबाहेर जाऊन वळसा घालावा लागायचा. मी धावायला लागले, तेवढ्यात मागे नानाशेठ शिळेवर चढले. पात्याखालून, त्या काचेसारख्या दगडावरून हातापायांवर सरकत ते पलीकडे गेले. मला फक्त आवाज ऐकू आला. "दादा! ए दादा!"

मी वळसा घालून पोचले तेव्हा दादाशेठ मशीनच्या खांबाला टेकून बसलेले होते. घामाने सदरा भिजला होता, ओठ निळसर झाले होते. एक हात वर, शिळेच्या कडेवर राहिला होता. पातं जिथून जाणार होतं त्या खडूच्या रेघेवर बोटं होती. नानाशेठनी तो हात दोन्ही हातांनी खाली घेतला. शिळेवरून सरकताना त्यांचे गुडघे सोलवटले होते, ते त्यांना कळलंही नव्हतं.

काउंटरसाठी आलेला टेम्पो अलिबागकडे धावला. मागे शिळा बांधायच्या लाकडी घोड्याला टेकून नानाशेठ बसले, मांडीवर दादाशेठचं डोकं. मी चालकाशेजारी. मागून एकच वाक्य ऐकू येत होतं, "दादा, झोपू नको. दादा, बोल काहीतरी." बोलावं लागू नये म्हणून ज्याने इतकी वर्षं भिंत ठेवली, तो आता बोल म्हणत होता, आणि दादाशेठना श्वास पुरत नव्हता.

वेळेवर पोचलो. हृदयाचा झटका होता, तो सावरला. पण डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे दगडाचं काम करतात का? कोरडं?" फुप्फुसांत जिकडे तिकडे पांढरे ठिपके होते. ते आमच्या मशीनचे नव्हते, मशीन पाण्यात कापतं. ते त्याच्या आधीचे, हातकटरचे आणि टाकीचे. किहीमच्या बाईंना हाताच्या कामाची जी खूण हवी होती, ती दादाशेठच्या एक्स-रेत स्पष्ट दिसत होती. मी माझ्या पडद्यावर गिरवून त्यांना जी दिली ती नक्कल होती. मला त्या दिवशी प्रथमच माझ्या मशीनबद्दल प्रेम वाटलं आणि त्याच वेळी त्या पायऱ्यांची लाज वाटली.

दादाशेठ शुद्धीवर आले तेव्हा कॉटजवळ वहिनी होत्या, पायाशी नानाशेठ आणि दारात मी. दादाशेठनी डोळे उघडले, धाकट्या भावाकडे बघितलं आणि वहिनींना म्हणाले, "त्याला इचार, काउंटर गेला का."

नानाशेठ म्हणाले, "वहिनी, त्याला सांगा, टेम्पोत तोच झोपला होता. काउंटर कुठं ठेवणार?"

"त्याला सांग..."

वहिनींनी हातातला पेला टेबलावर आपटला. "मी काय मशीनवरची ताई हाय तुमची? मला पगार नाय त्याचा."

मी दारातून मागे सरकले.

डॉक्टरांनी दादाशेठना कारखान्याच्या आत पाऊल टाकायला मनाई केली. मग त्यांच्या निम्म्या हिश्श्यावर बघणार कोण, हा प्रश्न आला. पोरी लग्न होऊन पनवेलला आणि ठाण्याला. पंचांची बैठक पुन्हा बोलवावी असं घाटत होतं, तेवढ्यात एका सोमवारी वहिनी डबा घेऊन कारखान्यात आल्या आणि दादाशेठच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या आत कधी आल्या नव्हत्या. बायकांनी दगडाच्या कामात यायचं नाही, असा त्या घरात नियम होता; तो मला लागू नव्हता, कारण मी सामाईक होते.

त्यांनी पदर खोचला आणि सगळीकडे फिरून बघितलं. मशीन बघितलं, गाळाची टाकी बघितली, मग भिंतीपाशी येऊन थांबल्या. हाताने तिच्यावरची धूळ पुसली.

"भावजी," त्यांनी हाक मारली, "ही भिंत कशापायी हाय?"

नानाशेठ भिंतीपलीकडून आले.  "वाटणीची हाय, वहिनी."

"वाटणी तुमची न्‌ ह्यांची. मी कुणाशी भांडलेय? मला तिकडची बाजू दिसत नाय, ताईला हिकडची दिसत नाय. माणूस मरायचा होता इथं. काढा ही."

"पंच..."

"पंचांना मी बोंबलाची आमटी पाठवीन. काढा."

मी नानाशेठकडे बघत होते. मला वाटलं, चिडतील. त्यांनी मान खाली घातली, पण ती रागाची मान नव्हती. दुपारी घणाचा पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. त्यांना कुणीतरी हे सांगावं म्हणून ते किती वर्षं थांबले होते, ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी किरणांच्या खांबांमधला तो जाडजूड माणूस निघून गेला होता आणि मी ती बंद ठेवलेली सोय पुन्हा चालू केली. खुर्चीत बसून मला टेबलाची चारही टोकं दिसत होती.

वहिनींबद्दल एक सांगायला हवं. त्या मायाळू आहेत असा जर कुणाचा समज झाला असेल तर तो माझा दोष. त्यांच्या राज्यात मला एकदाही गाडीची वेळ झाली म्हणून लवकर निघता आलं नाही. दोन भाऊ भांडायचे तेव्हा मला निदान मधे चहा तरी निवांत मिळायचा.

थंडीत दादाशेठ जरा हिंडूफिरू लागले. नाकावर मास्क लावून ते फाटकाबाहेर, आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे. आत यायची मनाई, पण फाटक उघडं असलं की टेबल तिथून दिसायचं. नानाशेठ आतबाहेर करताना त्यांच्याजवळून जायचे. बोलायचे नाहीत. आता रागही नव्हता, बोलायचं कसं ते आठवत नसावं.

एका सकाळी गावच्या देवळाच्या चौथऱ्यासाठी काळ्या दगडाचा मोठा गोटा आला. असा दगड आधी कुठल्या अंगाने कापायचा हे ठरवावं लागतं. चुकीच्या अंगाने घेतला तर आतून उकलतो. माझ्या पडद्यावर त्याचा फोटो स्वच्छ दिसत होता, माप होतं, वजनही होतं. कुठल्या अंगाने घ्यायचा, ते एवढं एक नव्हतं. नानाशेठ दगडाभोवती फिरले, वाजवून बघितला, पाचर लावली, काढली, पुन्हा लावली. माझ्याकडे बघितलं.  मध्ये बोलायची नोकरी मी सोडून दिली होती.

शेवटी ते टेबलापाशी उभे राहून फाटकाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दादा, ह्याला कुठल्या अंगानी घेऊ?"

कारखान्यातली सगळी माणसं थांबली. वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

दादाशेठनी मास्क खाली केला. "मला काय इचारतोस? मशीनला इचार."

"मशीन बोलत नाय, दादा."

"मग तू तरी कवा बोलत होतास?"

नानाशेठ खाली वाकून पाचर ठोकत राहिले. पाचर केव्हाच घट्ट बसली होती.